आईबाबांनंतर दादाचं काय? १८ च्या पुढच्या दिव्यांग माणसासाठी सरकारी मदतीची निवासी सोय कशी मिळवायची

माझा दादा आता ४४ वर्षांचा आहे. बौद्धिक अक्षमता आहे त्याला आणि जोडीला फिट्स. गेली तीन वर्षं तो सरकारी अनुदान मिळणाऱ्या एका निवासी संस्थेत राहतोय. बाबा आधीच गेले होते, आई होती तोवर दादाचं सगळं आईच बघायची, अंघोळीपासून रात्रीच्या गोळीपर्यंत, आणि मग एके दिवशी आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्या रात्री हॉस्पिटलच्या बाकावर बसल्या बसल्या मला पहिल्यांदा कळलं की उद्यापासून दादाला कोण बघणार याचं उत्तर आमच्या घरात कोणाकडेच नाहीये.

तिथून दादा संस्थेत नीट रुळेपर्यंत सव्वा वर्ष गेलं. त्यातले सात-आठ महिने नुसते वाया गेले कारण आम्ही सगळं उलटं केलं. आधी संस्था शोधत फिरलो. संस्थेने विचारलं कायदेशीर पालक कोण, तर तो कागदच आमच्याकडे नव्हता. तो काढायला गेलो तर अपंगत्वाचं सर्टिफिकेट जुनं, हाताने लिहिलेलं, ते चालेना. मग सिव्हिलला गेलो. म्हणजे शेवटून सुरुवातीपर्यंत चालत आलो आणि मग पुन्हा सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितेय. आधी सर्टिफिकेट, मग पालकत्व, मग संस्था, आणि हे सगळं आईवडील हिंडते-फिरते असताना. हा क्रम पाळला तर निम्मा त्रास वाचतो, खरंच वाचतो.

आपलं माणूस कुठल्या कायद्यात बसतं ते आधी बघा

"स्वतःचं स्वतः करू शकत नाही" हे आपल्यासाठी एकच असतं, पण सरकारसाठी नाही. कोणत्या कारणाने करू शकत नाही यावर रस्ता बदलतो.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व म्हणजे आता ज्याला बौद्धिक अक्षमता म्हणतात ते, आणि बहुविकलांगता म्हणजे एकाहून जास्त प्रकारचं अपंगत्व, हे चार प्रकार १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात येतात. सगळे त्याला, आणि त्या कायद्याने स्थापन झालेल्या केंद्राच्या संस्थेलाही, नॅशनल ट्रस्टच म्हणतात. यात असाल तर रस्ता त्यातल्या त्यात सरळ आहे, पालकत्व जिल्ह्यातच मिळतं, कोर्टात जावं लागत नाही. दादाचं यातलंच, त्यामुळे मी सगळ्यात जास्त याच्याबद्दल सांगू शकते.

मानसिक आजार असेल, स्किझोफ्रेनिया वगैरे, तर २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा लागतो. तिथे आपल्याला वाटतं तसं "कायमचं ठेवून घ्या" हे होत नाही. जवळच्या माणसाच्या अर्जावरून भरती केलं तर आधी जास्तीत जास्त ३० दिवस, त्यापुढे ठेवायचं तर पुन्हा डॉक्टरांची तपासणी आणि त्या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची मंजुरी. नुसतं घरचं कोणी घ्यायला येत नाही म्हणून माणसाला मेंटल हॉस्पिटलमध्ये ठेवता येत नाही असं कायद्यात स्पष्ट आहे, आणि ते बरोबरच आहे. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही आपली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं उपचारांसाठी आहेत, राहण्यासाठी नाहीत. आजार आटोक्यात आलाय पण एकटं राहता येत नाही अशांसाठी हाफवे होम असतं. केंद्राच्या दीनदयाळ दिव्यांगजन पुनर्वसन योजनेतून संस्थांना त्यासाठी अनुदान मिळतं. चौकशी करताना हाफवे होम हाच शब्द वापरा. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

म्हातारपणचा डिमेन्शिया असेल तर तो नॅशनल ट्रस्टमध्ये येत नाही. ज्येष्ठांसाठी केंद्राची अटल वयो अभ्युदय योजना आहे, त्यात निराधार ज्येष्ठांच्या वृद्धाश्रमांना अनुदान मिळतं आणि अल्झायमर, डिमेन्शिया झालेल्यांसाठी वेगळी कायम देखभालीची घरंही त्यात धरलेली आहेत. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन, तिथे तुमच्या जवळच्या संस्था विचारा. डिमेन्शियाबद्दल एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. खूप लोक पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून ठेवतात आणि निर्धास्त होतात. आपल्याकडे देणाऱ्याचं मन थाऱ्यावर राहिलं नाही की ते पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी केलं त्याच दिवशी ते निकामी. माणसाला समजतंय तोवरच मृत्युपत्र, बँकेतली नॉमिनेशन्स, जॉइंट खाती हे उरकून घ्या.

अपघात, स्ट्रोक, कोमा. इथे पालक नेमण्यासाठी वेगळा असा कायदाच नाहीये, हायकोर्टात रिट याचिका करावी लागते. केरळ हायकोर्टाने २०१९ मध्ये कोमातल्या माणसाचा पालक कसा नेमायचा याची मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, वकील त्याचा दाखला देतात. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती ते बघत नाहीत.

सर्टिफिकेट आणि यूडीआयडी

हे पटकन सांगते. स्वावलंबन या सरकारी वेबसाइटवर अर्ज करायचा, सिव्हिल हॉस्पिटलची तारीख मिळते, तिथे तपासणी होते, मग सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. जुनं हाताने लिहिलेलं सर्टिफिकेट असलं तरी नव्याने करा. बौद्धिक अक्षमतेत बुद्ध्यांकाबरोबर रोजच्या जगण्यातल्या गोष्टी किती जमतात हेही विचारतात, तेव्हा तुमच्या माणसाचं कौतुक करू नका. आईने डॉक्टरांना सांगितलं "तो सगळं स्वतः करतो हो", कारण तिला वाटलं चांगलं सांगावं. खरं म्हणजे शर्टाची बटणंसुद्धा ती लावून द्यायची. टक्केवारी तिथेच ठरते. ४० टक्क्यांच्या खाली आलं तर बहुतेक सगळ्या योजनांची दारं बंद होतात. जे आहे ते तसंच सांगा, वाईट दिवस कसा असतो ते सांगा.

सर्टिफिकेट कायमस्वरूपी आहे की ठरावीक मुदतीचं ते घरी येऊन नाही, तिथे उभं राहूनच वाचा.

पालकत्व, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा कागद

मुलगा १८ वर्षांचा झाला की कायद्याने तो सज्ञान होतो, त्याला स्वतःचं नाव लिहिता येत असो वा नसो. त्या दिवसापासून आईवडीलसुद्धा त्याचे आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. हे आम्हाला ४१ वर्षं माहीत नव्हतं. आईची सही सगळीकडे चालत होती म्हणून चालत होती. जिथे पहिल्यांदा अडलं ती बँक. बाबांनी दादाच्या नावावर ठेवलेली एफडी मोडायची होती आणि दादा सही करू शकत नाही. मॅनेजर बाई चांगल्या होत्या, त्यांनीच सांगितलं की नॅशनल ट्रस्टचं गार्डियनशिप सर्टिफिकेट आणा, बँका ते धरतात, रिझर्व्ह बँकेच्या तशा सूचना आहेत.

ते देते ती स्थानिक स्तर समिती. प्रत्येक जिल्ह्यात असते. त्यात कलेक्टर, नॅशनल ट्रस्टकडे नोंदवलेल्या संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिघे असतात. अर्जाला फॉर्म ए म्हणतात. आईवडील करू शकतात, नातेवाईक करू शकतात, कोणीच नसेल तर नोंदणीकृत संस्थाही करू शकते. आमच्याकडून लागलेले कागद म्हणजे दिव्यांग सर्टिफिकेट, दादाचा जन्माचा दाखला, दोघांची आधार आणि रहिवासाचे पुरावे, फोटो, बाबांचा मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या भावंडांची एनओसी. ही एनओसी लोक शेवटावर ठेवतात आणि तिथेच महिने जातात, कारण एक भाऊ दुबईला असतो आणि दुसऱ्याला वाटतं यात प्रॉपर्टीचा काहीतरी डाव आहे. घरात सगळ्यांना एकत्र बसवून आधीच बोला. मी मोठ्या ताईला फॉर्म वाचून दाखवला, मालकी दादाचीच राहते, आपण फक्त सांभाळणार आणि हिशोब देणार, एवढं कळल्यावर तिने लगेच सही केली.

बहिणीसाठी भाऊ पालक होत असेल तर एक नियम लक्षात ठेवा, बाईचं पालकत्व एकट्या पुरुषाला देत नाहीत, त्याच्या बायकोला सोबत पालक व्हावं लागतं. वहिनीला न विचारता फॉर्म भरू नका.

समितीने तीन महिन्यांतून निदान एकदा बसायचं असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात कलेक्टरांच्या मागे कामं असतात, त्यामुळे आपला अर्ज बैठकीपर्यंत पोचतोय की नाही यावर आपणच लक्ष ठेवायला लागतं. आमची फाइल एका टेबलावर चार महिने पडून होती, कारण मी अर्ज दिला आणि पोच घेतली नाही. कोणाला दिला, कधी दिला, माझ्याकडे काही पुरावाच नाही. म्हणून अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची आणि दुसरीवर आवक शिक्का, नंबर आणि तारीख घ्यायची. शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलायचं नाही. दुसऱ्यांदा शिक्का घेतला, दर पंधरा दिवसांनी त्या नंबरावर चौकशी केली, पुढच्याच बैठकीत नाव आलं. आम्हाला आत बोलावलं, दादाला नाव विचारलं, त्याने सांगितलं, आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारलं ही कोण, तर म्हणाला "बाय". तो मला बायच म्हणतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पालक झाल्यावर दोन जबाबदाऱ्या येतात. नेमणुकीपासून ६ महिन्यांत त्या व्यक्तीच्या सगळ्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची, आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांत, म्हणजे जूनअखेरपर्यंत, हिशोब द्यायचा. दुर्लक्ष केलं, छळ केला किंवा पैसे खाल्ले तर पालकत्व काढून घेता येतं, आणि तशी तक्रार कोणताही नातेवाईक करू शकतो. आणि हो, आई पालक असेल आणि आई गेली तर ते वारशाने तुमच्याकडे येत नाही, नव्याने अर्ज करावा लागतो. म्हणून आई ७५ ची असेल तर तिच्या एकटीच्या नावाने काढू नका असं माझं स्पष्ट मत आहे, भावंडांपैकी जो पुढे बघणार आहे त्याचं नाव आताच कसं घालता येईल ते समितीला विचारा.

मानसिक आजारात हे सर्टिफिकेट चालत नाही. तिथे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १४ खाली मर्यादित पालकत्व असतं, म्हणजे एखाद्या ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि त्या माणसाशी बोलून निर्णय घ्यायचा. आधीच्या १९८७ च्या कायद्यात मानसिक रुग्णाच्या मालमत्तेसाठी पालक नेमायची सोय होती, २०१७ च्या कायद्यात ती नाही. जुन्या माहितीवर वकील चालत असेल तर त्याला हे विचारा.

संस्था कुठे शोधायची

नॅशनल ट्रस्टच्या वेबसाइटवर नोंदणीकृत संस्थांची यादी राज्यानुसार आहे. त्यांची निवासी योजना म्हणजे समर्थ आणि घरौंदा. समर्थ मुळात थोड्या काळासाठी आणि अडचणीतल्या कुटुंबांसाठी, घरौंदा १८ च्या पुढच्यांना कायम राहायला. आता दोन्ही मिळून समर्थ-कम-घरौंदा झालंय. संस्थेला फोन केल्यावर "तुमच्याकडे जागा आहे का" एवढंच विचारू नका. विचारा की समर्थ-घरौंदाची अनुदानित जागा आहे का, कारण एकाच संस्थेत अनुदानाच्या आणि फी भरून राहायच्या अशा दोन्ही जागा असू शकतात आणि फोनवर आधी फीची जागाच सांगितली जाते.

राज्याच्या बाजूने दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये आपल्याकडे दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग झाला, त्याआधी हे सगळं सामाजिक न्याय विभागात होतं, म्हणून जुने लोक अजून "समाजकल्याणला जा" असं सांगतात. जिल्ह्यात चौकशी करताना जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण अधिकाऱ्याकडेही विचारा आणि दिव्यांग विभागाचं वेगळं ऑफिस सुरू झालंय का तेही विचारा. तोंडी उत्तर मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहेच. १० रुपयांचा अर्ज. "जिल्ह्यातल्या १८ वर्षांवरील बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या अनुदानित निवासी संस्थांची नावं, मंजूर प्रवेशसंख्या आणि आजची प्रत्यक्ष संख्या" एवढं एका ओळीत मागायचं. ३० दिवसांत लेखी यादी हातात. मला वर्षभर फिरून जे कळलं नसतं ते त्या दोन पानांत होतं.

मनाची तयारी ठेवा की १८ च्या पुढच्यांसाठी जागा खूप कमी आहेत. लहान मुलांसाठी शाळा आहेत, बालगृहं आहेत, १८ झालं की पुढे काय हा प्रश्न सगळीकडे आ वासून उभा असतो. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला अनाथ दिव्यांग मुलांना सांभाळणारे शंकरबाबा पापळकर, ज्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, ते कित्येक वर्षं हेच सांगत आलेत की १८ नंतर या मुलांना बाहेर काढू नका, त्यांच्या आजन्म पुनर्वसनाचा कायदा करा. त्यांनी आपल्या मुलांना स्वतःचं नाव दिलं. सगळ्यांना शंकरबाबा मिळत नाहीत, म्हणून एकाच ठिकाणी नाव देऊन थांबू नका, तीन-चार ठिकाणी प्रतीक्षायादीत नाव घाला. तिथेही शिक्का.

बघायला जाताना

पहिल्यांदा सांगून जा आणि दुसऱ्यांदा न सांगता, संध्याकाळी सहा-साडेसहाला. सकाळी सगळ्याच संस्था स्वच्छ असतात. संध्याकाळी स्टाफ बदलतो, जेवणाची घाई असते, तेव्हा खरं दिसतं.

ऑफिसमध्ये नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हणा आणि त्यावरची मुदत वाचा. दिव्यांगांसाठीची संस्था नोंदणीशिवाय चालवताच येत नाही. मग ऑफिसमधून उठून आत जा. रात्री किती केअरटेकर असतात आणि किती जणांमागे, हे विचारा आणि तेच एखाद्या मावशींनाही विचारा. उत्तर वेगळं आलं तर समजून जा. औषधांचं रजिस्टर बघा, प्रत्येक वेळेपुढे सही आहे का, की महिन्याच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने एका दमात केल्यात. बायकांच्या विभागात रात्री बाईच आहे ना. अंथरुणाला खिळलेलं कोणी असेल तर त्याची कूस किती वेळाने बदलता विचारा. संडासाला दार आहे का, आतून कडी लावता येते का. प्रत्येकाला स्वतःचं कपाट किंवा निदान एक कप्पा आहे का, की कपडे सगळ्यांचे सामायिक. आम्ही एका ठिकाणी गेलो तिथे सगळ्यांचे केस एकसारखे बारीक कापलेले, बायकांचेसुद्धा. कारण विचारलं तर म्हणाले उवा होतात. इमारत नवी होती, फरशी चकचकीत होती, तरी मी तिथे दादाला ठेवलं नाही.

आणि एक प्रश्न नक्की विचारा, "मागच्या वेळी कोणाला हॉस्पिटलला न्यावं लागलं तेव्हा सोबत कोण राहिलं?" जे खरंच करतात ते लगेच सांगतात, अमुक दादा तीन रात्री होते म्हणून.

कोऱ्या कागदावर सही नाही. ओरिजिनल कागद द्यायचे नाहीत, फक्त झेरॉक्स. भेटायला फक्त महिन्यातून एकदाच या असा नियम असेल तर मी तिथे ठेवणार नाही, तुम्हीही ठेवू नका.

वही

प्रवेश ठरला की एक दोनशे पानी वही घ्या. फाइलमध्ये डॉक्टरी कागद असतात, पण आपल्या माणसाची भाषा त्यात नसते. ४० वर्षं ती भाषा फक्त आईला येत होती. मी तिच्या पलंगाशेजारी बसून लिहून घेतली, ती सांगत होती आणि मी लिहीत होते. आमच्या वहीतलं पहिलं पान असं आहे:

"पाणी हवं असेल तर तोंडाने मागत नाही, पेला उलटा ठेवतो. उजव्या कानाला हात लावत राहिला तर दाढ दुखतेय. फिट यायच्या आधी गप्प होतो आणि डावा अंगठा मुठीत धरतो, तेव्हा लगेच खाली बसवा. गोळी चमचाभर दह्यात, पाण्याबरोबर दिली तर गालात धरून नंतर थुंकतो. अंधाराची भीती आहे, बाथरूमचा दिवा चालू ठेवावा. जोरात बोललं तर शू होते, ओरडू नका, तो मुद्दाम करत नाही. निळा डबा त्याचा आहे, त्यात रबरबँड आहेत, डबा काढून घेऊ नका."

असं सगळं. झोप, संडास, चिडला तर काय केल्याने शांत होतो, कोणती माणसं आवडतात. दोन प्रती करा, एक तिथे, एक तुमच्याकडे. केअरटेकर बदलले की नव्या माणसाला तुम्ही स्वतः वाचून दाखवा.

एकदम नेऊन सोडू नका. आधी दिवसभर नेऊन संध्याकाळी परत, मग दोन रात्री, मग आठवडा. काही संस्था म्हणतात पहिला महिना भेटायला येऊ नका, त्याला रुळू दे. आम्ही ऐकलं नाही, रोज फोन आणि आठवड्यातून दोनदा जात होतो. दादा पहिले नऊ दिवस जेवणाच्या वेळी दाराकडे बघत बसायचा, नीट जेवला नाही, दोन किलो वजन उतरलं. दहाव्या दिवशी त्याने शेजारच्या पलंगावरच्या मुलाला स्वतःच्या डब्यातला एक रबरबँड दिला. मावशींनी फोन करून सांगितलं मला.

माणसाचं मतही घ्या. बोलता येत नसलं तरी कळतं. आठ-दहा फेऱ्यांनंतरही गेटवर अंग ताठ करत असेल, गाडीतून उतरत नसेल, तर तिथे काहीतरी आहे. कारण शोधा, नाहीतर जागा बदला.

पैसे

अनुदानित जागा असली तरी औषधं, डायपर, कपडे, दवाखाना यांना पैसे लागतातच.

निरामय ही नॅशनल ट्रस्टची आरोग्य विमा योजना त्या चार प्रकारांसाठी आहे, १ लाखापर्यंत, आधी मेडिकल टेस्ट नाही, वयाची अट नाही, ओपीडीचा खर्चही त्यात आहे. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, विसरलात तर गेलं. तहसीलला संजय गांधी निराधार अनुदान योजना, उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर नक्की करा. आई किंवा वडील सरकारी नोकरीत होते का? असतील तर अशा अपत्याला आईवडिलांनंतर आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, वय २५ झालं म्हणून थांबत नाही. पण त्यासाठी त्याचं नाव आणि दिव्यांगत्व आईवडिलांच्या हयातीतच त्यांच्या ऑफिसात नोंदवून ठेवलं तर खूप सोपं जातं, नंतर सिद्ध करत बसणं फार अवघड आहे. बाबांनी हे एक काम करून ठेवलं होतं, त्यावर आज दादाचा महिना निघतो. खासगी नोकरी असेल तर पीएफच्या पेन्शनमध्येही कायम दिव्यांग अपत्यासाठी तरतूद आहे, पीएफ ऑफिसात विचारा.

घर किंवा जमीन दादाच्या नावावर करून टाकू म्हणजे संस्था त्याला सांभाळेल, हा विचार फार घरांत येतो. करू नका. संस्थेच्या नावावर तर अजिबात नाही. वकिलाशी बोलून खासगी ट्रस्ट करता येतो, त्यात पैसे त्याच्यासाठीच खर्च होतील असं लिहिता येतं आणि बघणारी माणसं एकाहून जास्त ठेवता येतात. छोटी रक्कम असेल तर त्याचं स्वतःचं खातं, पालक म्हणून तुमचं नाव, आणि प्रत्येक खर्चाचं बिल एका पाकिटात. जूनचा हिशोब देताना तेच पाकीट कामाला येतं.

ठेवल्यानंतर

जाताना अंघोळ घालायचं काम मागून घ्या. मी महिन्यातून एकदा दादाला स्वतः अंघोळ घालते, त्याला बरं वाटतं आणि मला त्याचं सगळं अंग बघता येतं, कुठे वळ, कुठे जखम, नखं, टाचा. दर वेळी तिथल्या काट्यावर वजन करते आणि वहीत मागे लिहिते.

काही चुकीचं दिसलं तर फोटो, तारीख, आणि आधी संस्थेला लेखी. मारहाण किंवा छळ असेल तर थांबायचं नाही, २०१६ च्या कायद्यात कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे आपल्याकडे तहसीलदार किंवा प्रांतांना, कळवू शकतं आणि त्यांनी पावलं उचलायची असतात. पोलीस आहेतच. पुण्याच्या आयुक्तालयातही तक्रार जाते. पालकत्वाचं सर्टिफिकेट तुमच्या हातात असेल तर तुम्ही कोण असं कोणी विचारत नाही.

फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर मी चार तारखा लिहून चिकटवल्यात. जून, समितीला हिशोब. निरामय संपायच्या एक महिना आधी. नोव्हेंबर, पेन्शनसाठी हयातीचा दाखला. आणि दादाचा वाढदिवस, त्या दिवशी तो घरी येतो, दोन रात्री राहतो, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच निळा डबा उचलून दारात जाऊन उभा राहतो. खाली पाचवी ओळ मोकळी ठेवलीय, माझ्यानंतर पालक कोण त्याचं नाव लिहायला. ताईच्या मुलाशी बोलणं चालू आहे, तो पुढच्या रविवारी माझ्याबरोबर येतोय दादाला भेटायला.